पुस्तकाची काळवंडलेली कड

आदरणीय बाई,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वय ४४. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो. आमच्या घरी तेलुगू बोलतात, पण माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि वाचन पहिल्यापासून मराठीच. रात्री जेवणानंतर पाऊण तास मिळतो. तेवढ्यात १५-१६ पाने होतात. गेल्या पाडव्याला मी ठरवले होते की वर्षभरात ५० पुस्तके वाचायची. ११ पूर्ण झाली आणि १८ अर्ध्यावर पडून आहेत. एका मित्राने त्याची ६० पुस्तकांची यादी दाखवली, तेव्हा मला लाज वाटली. मला आत्मचरित्रे, प्रवासवर्णने आणि रानावनाविषयीचे लेखन आवडते; ज्यांना सगळे श्रेष्ठ म्हणतात त्या कादंबऱ्या माझ्याकडून शंभर पानांपुढे जात नाहीत. आवडलेली आठ-दहा पुस्तके मात्र मी पुनःपुन्हा वाचतो. मी सावकाश वाचतो आणि वाचताना माझे ओठ हलतात. माझी ११ वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. ती जवळ येऊन विचारते, ‘नान्ना, काय पुटपुटता?’ तेव्हा मी पुस्तक मिटतो. पत्र्याखालच्या माळ्यावर न वाचलेली ७० पुस्तके आहेत, तरी प्रदर्शन लागले की आणखी चार येतात. पत्नी म्हणते, आधी आहेत ती वाचा. बाई, मी खरोखर वाचक आहे का, की नुसता पुस्तकांचा शौकीन? माझ्या सवयी कशा सुधाराव्यात?

— एक वाचक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा मनात आणि दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि मोठ्याने वाचल्यावर ते अधिक नीट कळले. मी वाचक आहे का, असे तुम्ही विचारता. दिवसभर खातेवह्यांतले आकडे पाहून थकलेल्या डोळ्यांनी जो माणूस रात्री पुन्हा छापील पान उघडतो, त्याच्याविषयी मला हा प्रश्न पडत नाही. मात्र पत्रातली एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. तुम्ही तुमच्या वाचनाचा हिशेब कारखान्याच्या हिशेबासारखा मांडला आहे. इतकी पूर्ण, इतकी अर्धवट, इतकी पडून. जणू पुस्तकांचे तुमच्याकडे येणे आहे आणि तुम्ही थकबाकीदार आहात. तुमच्या सवयींत सुधारण्यासारखे फार थोडे आहे. ही थकबाकीची भावना तेवढी जायला हवी. ती नुसत्या धीराच्या शब्दांनी जाणार नाही, म्हणून ३१ वर्षे मी जे डोळ्यांनी पाहिले ते तुमच्यापुढे ठेवते.

ती वर्षे मी सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे काढली. परत आलेले पुस्तक जमा करण्यापूर्वी हातात फिरवून पाहावे लागे. पान फाटले आहे का, कुणी चित्र कापून घेतले आहे का, हे तपासणे आमचे कामच होते. त्यातून मला पुस्तकाची कड वाचता येऊ लागली. तुम्हीही करून पाहा. वाचनालयातले एखादे जुने पुस्तक मिटून दिव्याखाली आडवे धरा आणि पाठीच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे पाने उलटायची कड पाहा. नव्या पुस्तकाची ही कड एकसारखी पांढरी असते. पन्नास-साठ जणांच्या हातून गेलेल्या पुस्तकाची कड बोटांच्या घामाने काळवंडते, पण सगळीकडे सारखी काळवंडत नाही. सुरुवातीची पाने सर्वांत काळी, पुढे हळूहळू करडी, आणि जिथे बहुतेकांनी पुस्तक खाली ठेवले तिथून पुढे जवळजवळ कोरी. रहस्यकथांची कड शेवटच्या पानापर्यंत काळी असे. पाककृतींची पुस्तके दोन-तीन ठिकाणीच काळी असत, आणि तिथे हळदीचे बोटही सापडे. ज्यांचे नाव घेताना माणसे आवाज खाली आणतात अशा काही जाडजूड कादंबऱ्यांची कड मात्र तिसऱ्या हिश्श्यापुढे पांढरी राहिलेली असे. त्यांतल्या एकीची तारखेची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली होती, इतकी ती मागणीत होती. आणि तिच्या ११२व्या पानात मला एकदा बार्शी-सोलापूर एसटीचे तिकीट सापडले, ज्याच्या पुढची पाने नुकत्याच बांधलेल्या पुस्तकासारखी एकमेकांना धरून बसली होती.

ती कादंबरी परत देणारे जवळजवळ सगळे ‘छान आहे’ म्हणत. त्यांच्या त्या म्हणण्यावर मी कधी शंका घेतली नाही, कारण जी शंभर पाने त्यांनी वाचली ती छानच असणार. पण पुस्तक अर्ध्यावर सोडणे हा केवळ तुमचा दोष आहे, अशी जी तुमची समजूत झाली आहे ती त्या कडेपुढे टिकत नाही. वाचणारी माणसे पुस्तके सोडतात. फरक इतकाच की सोडलेल्या पुस्तकांची यादी कुणी मित्राला दाखवत नाही. तुम्ही ती मला दाखवलीत, याचे मला मोल वाटते.

आता त्या ५० च्या संकल्पाकडे येऊ. तुम्ही हिशेबाचे जाणकार आहात, तेव्हा हा हिशेब तुम्हीच आधी करायला हवा होता. पुस्तक सरासरी २५० पानांचे धरले तर ५० पुस्तकांची १२,५०० पाने होतात, म्हणजे रोजची ३४. तुमच्या गतीने त्यांना दीड तासाहून अधिक वेळ लागेल, आणि तुमच्याजवळ आहे पाऊण तास. एकही रात्र न चुकवता रोज १६ पाने वाचली तरी वर्षाला ५,८४० पाने, म्हणजे साधारण २३ पुस्तके होतात. त्यात आजारपण, लग्नकार्ये, मार्चअखेर आणि गड्ड्याच्या यात्रेचे दिवस धरलेले नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहा. ११ पूर्ण पुस्तकांची २,७५० पाने आणि अर्ध्यावरच्या १८ पुस्तकांची प्रत्येकी शंभर याप्रमाणे १,८०० पाने, अशी ४,५५० पाने तुम्ही वाचली आहेत. उरलेली पाने त्या आठ-दहा आवडत्या पुस्तकांत गेली असणार. म्हणजे जवळजवळ प्रत्येक रात्री तुम्ही वाचत होता. संकल्प मोडला तो तुमच्या आळसाने मोडला नाही. तो मुळात दुसऱ्याच कुणाच्या दिवसावर बेतलेला होता. मित्राच्या ६० पुस्तकांविषयी माझी काही तक्रार नाही, त्याचा दिवस त्याला ठाऊक. तुम्ही यंदा पुस्तके मोजू नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मोजल्यावाचून चैन पडत नसेल, आणि हिशेबाच्या माणसाला ते कठीण जाते हे मी समजू शकते, तर वाचलेल्या रात्री मोजा.

कादंबऱ्या शंभर पानांशी का अडतात, याचे उत्तरही मला याच हिशेबात दिसते. चारशे पानांची कादंबरी रोज १६ पानांनी वाचली तर तिला २५ दिवस लागतात. इतक्या दिवसांत चाळीस पात्रे, त्यांची नाती, कोण कुणावर का रागावला आहे, हे सगळे मनात धरून ठेवायचे आणि मधे रोज दहा तास टॉवेलच्या गासड्यांचे हिशेब करायचे. शंभराव्या पानापर्यंत सहावा-सातवा दिवस उजाडलेला असतो आणि पहिल्या दिवशी भेटलेली माणसे अंधुक झालेली असतात. आत्मचरित्राचे प्रकरण, प्रवासातला एक मुक्काम, रानातली एक सकाळ, हे मात्र एका बैठकीत सुरू होऊन संपते आणि दुसऱ्या रात्री मागचे फारसे न आठवताही पुढे जाता येते. तुमची आवड तुमच्या दिवसाच्या मापाने घडली आहे. यात मला कमीपणा दिसत नाही. उलट तुमच्या मनाने आपल्याला काय झेपते ते बरोबर ओळखले आहे. तरीही एखादी मोठी कादंबरी वाचायची खरी इच्छा असेल, कुणाला सांगण्यासाठी नव्हे तर स्वतःला, तर ती रात्रीच्या पाऊण तासात वाचू नका. आठवड्याच्या सुट्टीला सकाळी दोन आणि दुपारी दोन असे चार तास काढलेत तर एका दिवसात ऐंशीच्या वर पाने होतील आणि माणसे अंधुक होण्यापूर्वी तुम्ही कथेच्या आत पोचलेले असाल. दिवाळीच्या सुट्टीत असे दोन-तीन दिवस लागोपाठ मिळतात. एरवी कादंबरीला हात लावला नाही तरी काहीही बिघडत नाही.

तुमच्या आवडीला तुम्ही स्वतःच दुय्यम समजता, हे वाचून मला वाईट वाटले, कारण तुमच्याच शहरात त्या आवडीचा केवढा सन्मान झाला आहे. १९४१ साली सोलापुरात मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी वि. स. खांडेकर होते, म्हणजे त्या काळातले अतिशय लोकप्रिय कादंबरीकार. त्यानंतर २००६ साली अखिल भारतीय संमेलन पुन्हा सोलापुरात आले आणि त्या खुर्चीवर मारुती चितमपल्ली बसले. १९३२ साली याच शहरात जन्मलेला हा माणूस वनखात्यातल्या नोकरीत उभी हयात रानावनांत हिंडला, पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची आदिवासींच्या तोंडी असलेली नावे गोळा करत राहिला आणि त्याने जे लिहिले ते जवळजवळ सगळे रानाविषयीच लिहिले. अखेरच्या काळात ते सोलापुरातच राहिले आणि जून २०२५ मध्ये इथेच त्यांचे निधन झाले. ज्या गावात कादंबरीकाराइतक्याच मानाने एका वनाधिकाऱ्याला मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसवले गेले, त्या गावच्या वाचकाने ‘मला फक्त रानाचेच आवडते’ हे वाक्य खाली मान घालून लिहू नये.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते आहे, त्याला एक कारण आहे. मी नोकरीत नवी असताना एक मुलगी वाचनालयात येत असे. वडील गिरणीत होते, ती नववी-दहावीत असावी. दर आठवड्याला ती रहस्यकथा मागे आणि पुढच्या आठवड्याला वाचून परत आणी. मला वाटे, इतकी हुशार मुलगी, हिने काहीतरी चांगले वाचावे. एकदा तिने मागितलेले पुस्तक कपाटात असूनही मी तिला एक गंभीर कादंबरी दिली. तिने ती पंधरा दिवसांनी परत आणली, काही बोलली नाही. मी दुसरी तशीच दिली, आणि तिसऱ्यांदाही तेच केले. चौथ्यांदा तिची आई आली आणि अनामत परत घेऊन गेली. त्या तिसऱ्या पुस्तकाची कड मी पाहिली. ते उघडलेच गेले नव्हते. तिचे वाचन मी बंद पाडले, असे मी आजही मानते. त्यानंतर कुणी काय मागितले यावर मी कधीही मत दिले नाही, आणि विचारल्याशिवाय पुस्तक सुचवले नाही. तुम्ही आता स्वतःच्या बाबतीत तेच करत आहात जे मी त्या मुलीच्या बाबतीत केले. मागणारा एक मागतो आणि तुम्ही त्याच्या हाती दुसरेच ठेवता.

अर्ध्यावरच्या त्या १८ पुस्तकांचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. माझी रीत सांगते. पुस्तक सोडावेसे वाटले की एक कागदाची चिठ्ठी घ्यावी, तिच्यावर तारीख आणि का सोडले ते एका ओळीत लिहावे आणि चिठ्ठी त्याच पानात ठेवावी. ‘झोप येते’, ‘नावे लक्षात राहत नाहीत’, ‘लेखक स्वतःची फार स्तुती करतो’, ‘आईच्या आजारपणाचा भाग आला, आत्ता नको’. जे असेल ते खरे लिहावे. सहा महिन्यांनी चिठ्ठी वाचावी. कारण थकव्याचे किंवा वेळेचे असेल तर चार पाने मागून पुन्हा सुरुवात करावी; अशी पुस्तके दुसऱ्या वेळी बऱ्याचदा धरून ठेवतात. कारण पुस्तकाच्या स्वभावाचेच असेल, तर ते दुसऱ्या कुणासाठी आहे असे समजून निरोप द्यावा. दोन्ही प्रकारचे सोडणे आपण एकाच ढिगात टाकतो आणि मग तो ढीग पाहून खचतो. तुमच्या १८ पैकी दोन्हींचे प्रमाण किती ते मला सांगता येणार नाही, पण एका रविवारी बसून चिठ्ठ्या लिहिल्यात तर तुम्हाला नक्की कळेल.

तीच ती पुस्तके पुन्हा वाचण्याबद्दल तर तुम्ही विचारायलाच नको होते. आपल्याकडे चातुर्मासात घरोघर ग्रंथ लागतो. तोच ग्रंथ, त्याच ओव्या, दरवर्षी पहिल्या अध्यायापासून अखेरच्या अध्यायापर्यंत. आणि त्याला आपण पारायण असा मानाचा शब्द ठेवला आहे. पारायण करणाऱ्या आजीला ‘तुमचे वाचन पुढे सरकत नाही’ असे कुणी म्हणत नाही, कारण ग्रंथ तोच असला तरी आजीचे वय दरवर्षी वेगळे असते. आत्मचरित्राचेही तसेच आहे. तिशीत आपण लेखकाच्या लढ्याची पाने वाचतो आणि पन्नाशीत त्याच पुस्तकातली त्याच्या थकल्याची पाने डोळ्यांत भरतात, जी मागच्या वेळी आपण भराभर उलटली होती. तुमच्या त्या आठ-दहा पुस्तकांची कड पाहा. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत काळी असेल, आणि तिच्यावर एकाच माणसाची बोटे असतील.

आता तुमच्या ओठांविषयी. पत्रात तुम्ही हे एका ओळीत उरकले आहे, पण सर्वांत जास्त लाज तुम्हाला याचीच वाटते, असे मला जाणवले. मनात वाचले की वेग येतो, हे खरे आहे. ज्याला परीक्षेसाठी किंवा कामासाठी पुष्कळ वाचून काढायचे आहे त्याने ओठ मिटून वाचण्याचा सराव करावा. तुम्हाला तशी घाई नाही. तुमच्या घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, बाजारात निम्मे कन्नड, आणि शेजारपाजारी उर्दूही कानावर पडत असणार. अशा गावात वाढलेल्या माणसाला मराठी आधी कानाने आलेली असते. डोळ्यांना दिसलेला शब्द ओठांवर आणून, कानाला विचारून मग पुढे जायचे, ही त्याची वाट असते, आणि त्या वाटेने गेलेला शब्द सहसा विसरत नाही. तुम्हाला एखाद्या आवडत्या पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे आठवते का, हे स्वतःला विचारून पाहा. मला खात्री वाटते की आठवत असेल. पूर्वी पोथी वाचायची म्हणजे मोठ्यानेच वाचायची. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. या गावाचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे स्वतः १२व्या शतकातले वचनकार होते, त्यांनी कन्नडमध्ये वचने रचली, आणि वचन या शब्दातच बोलणे आहे. शब्द तोंडातून गेला पाहिजे ही इथली फार जुनी रीत आहे. ओठ हलत असतील तर हलू द्यावेत.

माळ्यावरच्या ७० पुस्तकांच्या बाबतीत मात्र मी तुमच्या पत्नीच्या बाजूने अर्धी आहे. आहेत ती सगळी आधी वाचा, हे मला मान्य नाही, कारण त्यातली कित्येक तुम्ही दुसऱ्यांची शिफारस ऐकून घेतलेली असणार आणि ती वाचायला लागलात तर पुन्हा त्या थकबाकीच्या भावनेत अडकाल. पण आणखी चार आणणे थांबले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. ग्रंथालयशास्त्राचे थोर जाणकार एस. आर. रंगनाथन हे आधी गणिताचे प्राध्यापक होते आणि नंतर मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, आणि तिसरा सांगतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. दुसरा नियम सर्वांना आवडतो. तिसऱ्याचा विचार पुस्तके जमवणाऱ्यांनी अधिक करावा, असे मला वाटते. तुमच्या माळ्यावर जे पुस्तक चार वर्षे मिटून आहे, त्याचा वाचक कदाचित तुमच्याच गल्लीत राहत असेल. वाचनालयेदेखील ठरावीक काळाने पुस्तके बाद करतात, त्याला निर्लेखन म्हणतात, आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. एका सुट्टीच्या दिवशी ७० पुस्तके खाली उतरवा. प्रत्येकाचे मधलेच कुठले तरी पान उघडून दोन परिच्छेद वाचा. पुढचे वाचावेसे वाटले ते एका बाजूला ठेवा, बाकीची शाळेला, वस्तीतल्या छोट्या वाचनालयाला किंवा मित्रांना द्या. पंचवीस-तीस राहतील, आणि ती पुस्तके तुमची असतील.

पुढची खरेदी कशी करावी, यासाठी तुमच्या स्वभावात सोपी खूण आहे. तुम्ही पुन्हा वाचणारे वाचक आहात. तेव्हा पहिले वाचन वाचनालयाच्या प्रतीवर करावे आणि जे पुस्तक परत करताना हातातून सोडवत नाही तेवढेच विकत घ्यावे. आपल्या शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, शिवाय पेठापेठांतून लहान वाचनालये आहेत, आणि वर्षाची वर्गणी प्रदर्शनातल्या एका फेरीच्या खर्चापुढे फार वाटणार नाही. अनेक वाचनालये दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात; थोडी रक्कम भरली की पुढे काही महिने वेगवेगळे अंक घरी नेता येतात. मराठीत १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा चालू आहे आणि पाऊण तासाच्या वाचकाला तिच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. एक लेख, एक रात्र.

जी पुस्तके ठेवाल ती मात्र पत्र्याखालून हलवा. सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक तापते. नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या पुस्तकांचा डिंक त्या उष्णतेने ठिसूळ होतो आणि पाने पत्त्यांसारखी सुटतात. शिवलेल्या बांधणीचे पुस्तक तग धरते, पण त्याचाही कागद लवकर पिवळा पडून कडक होतो. खालच्या खोलीत, उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, एक छोटे कपाट पुरेल. सुकलेला कडुनिंबाचा पाला ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुस्तके काढून झटका, म्हणजे कसर लागणार नाही.

आणि तुमच्या मुलीविषयी. ती जवळ येऊन विचारते, नान्ना, काय पुटपुटता, आणि तुम्ही पुस्तक मिटता, हे वाक्य मी पत्रात वाचले तेव्हा थोडा वेळ पुढे वाचू शकले नाही. ती चिडवत नाही. तिला ऐकू येत आहे आणि काय ते कळत नाही, म्हणून ती विचारते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीला छापील मराठी वाक्य कानावर पडण्याची दुसरी जागा कोणती असणार आहे, याचा विचार करा. पुढच्या वेळी तिने विचारले की पुस्तक मिटू नका. तिला शेजारी बसवा आणि ज्या ओळीवर तुमचे बोट असेल त्याच ओळीपासून मोठ्याने वाचायला लागा. पहिले पान शोधत बसू नका, आधीची गोष्ट सांगत बसू नका. रानाचे पुस्तक असेल आणि त्या पानावर पाणवठ्याशी कुणी जनावर आले असेल, तर ते कुठून आले हे ती स्वतःच विचारील.